निळू फुले, डॉ. श्रीराम लागू आणि कलावंताची नीती

तिसरी घंटा

नटाच्या चारित्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन विधाने सर्रास ऐकू येतात. कलावंताची कला पाहावी, त्याच्या आयुष्यात डोकावू नये, हे पहिले. ज्याचे आचरण चोख नाही त्याच्या कलेचे कौतुक कशाला करायचे, हे दुसरे. ही दोन्ही विधाने मला अपुरी वाटतात, कारण प्रत्यक्ष काम करताना कलावंत रोज जे निर्णय घेतो, त्यांचा विचार दोन्हींत नाही. कोणती भूमिका स्वीकारायची, ती किती खरी करायची, कुठे हात राखायचा, मिळालेल्या नावाचे आणि पैशाचे काय करायचे, हे ते निर्णय. नीतीची परीक्षा तिथे होते असे मला वाटते, आणि त्यासाठी मराठी रंगभूमीवरची आणि पडद्यावरची दोन माणसे एकत्र ठेवून पाहावीत म्हणून हा धागा काढत आहे.

निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत आणि महिन्याच्या ८० रुपये पगारातले १० रुपये सेवा दलाला देत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णांनी त्यांना चित्रपटात आणले. त्यानंतरची कित्येक वर्षे गावोगावच्या प्रेक्षकांना ते ठाऊक झाले ते पाटील, सरपंच, सावकार आणि साखर कारखान्याचे अध्यक्ष म्हणून. बायका त्यांना पाहून घाबरत, पडद्यावर ते आले की शिव्याशाप देत, ही गोष्ट आता दंतकथेसारखी झाली आहे. समतेच्या चळवळीत वाढलेल्या माणसाने आयुष्यभर सत्तेचा माज दाखवणारी माणसे उभी केली. वरवर पाहता ही विसंगती वाटते. मला ती अजिबात वाटत नाही.

‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आठवून पाहा. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, आणि समोर डॉ. लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. हिंदुराव या चित्रपटात आरडाओरडा करत नाही. तो पाहुणचार करतो, अदबीने बोलतो, या भणंग मास्तराची वास्तपुस्त करतो, आणि हे सगळे करताना या मुलखात आपल्याला विचारणारा कोणी नाही याची त्याला पुरती खात्री असते. मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न मास्तर जेव्हा पुन्हा पुन्हा विचारू लागतो, तेव्हा निळूभाऊंच्या चेहऱ्यावरचा तो मऊपणा ओसरत नाही, फक्त डोळ्यांतले हसू थांबते. अशा माणसांना ज्याने जवळून पाहिले आहे, त्यांच्या विरोधात सभा आणि मोर्चे केले आहेत, त्यालाच हे बारकावे सापडतात. खलनायकाला विद्रूप करून दाखवणे सोपे असते, कारण मग प्रेक्षकाला आपल्या गावातला तसा माणूस ओळखण्याची गरज उरत नाही. निळूभाऊंनी ती सोय प्रेक्षकाला दिली नाही. माझ्या दृष्टीने त्यांची कार्यकर्त्याची नीती त्यांच्या अभिनयात उतरली ती इथे, आणि त्यासाठी त्यांना सज्जनाची भूमिका करावी लागली नाही.

याच माणसाने जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये स्वातंत्र्यलढ्यातला निष्ठावंत, पोटच्या सत्ताधारी मुलापुढे उभा राहणारा म्हातारा केला आणि ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला. म्हणजे त्यांना केवळ दुष्ट माणसेच साधत होती असेही नाही.

डॉ. लागूंची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. साताऱ्यात १९२७ साली जन्म, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिक्षण, कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, परदेशातले प्रशिक्षण, आफ्रिकेत टांगानिकामध्ये (आजच्या टांझानियात) प्रॅक्टिस. हे सगळे सोडून १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. आपल्याकडे या निर्णयाकडे केवळ कलेच्या वेडाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. मला त्यात नीतीचाही भाग दिसतो. अर्धे मन रंगमंचावर ठेवून रुग्णावर शस्त्रक्रिया करणे आणि अर्धे मन रुग्णालयात ठेवून नाटक करणे, या दोन्ही गोष्टी अप्रामाणिक आहेत, असे ज्याला वाटते त्याला कधी तरी निवड करावी लागते. पूर्णवेळ नट झाल्यावर वर्षभरातच त्यांनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले. त्या नाटकातल्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगण्यात आले की हा निळा डाग लाल आहे असे समजावे. कायदा पाळला गेला आणि प्रेक्षकांशी खोटेही बोलले गेले नाही. या एका कृतीत मला त्या माणसाचा सगळा स्वभाव दिसतो.

पुढे या दोघांनी ‘सामाजिक कृतज्ञता निधी’साठी काम केले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावे यासाठी तो निधी होता, आणि त्यासाठी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत कलावंतांनी ठिकठिकाणी केले. ज्या ओळखीने गल्ला भरतो तीच ओळख तिथे वेगळ्या कामाला लावली गेली.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, कलावंताने कोणती माणसे रंगवली यावरून त्याची नीती ठरत नाही. ती किती खरेपणाने रंगवली आणि त्यातून मिळालेले वजन कुठे टाकले, यावरून ती ठरते. तुमचे मत जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः वेगळे असेल तर.

माळरान

लेख मनापासून आवडला, परंतु एक गोष्ट त्यात सोईस्करपणे बाजूला राहिली आहे असे वाटते. तुम्ही उदाहरणे घेतली ती ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘सूर्यास्त’ यांची. आम्ही माण-खटावच्या बाजूची माणसे. जत्रेतल्या तंबूत आम्ही निळूभाऊंना पाहिले ते या चित्रपटांत नव्हे. गावचा पाटील, त्याचा वाडा, शेतावर एकटी गाठलेली बाई, तिचा ओढलेला पदर, आणि त्या प्रसंगाला तंबूतून येणाऱ्या शिट्ट्या, असा तो ठरलेला मसाला होता. पाटलाविषयी चीड निर्माण व्हावी हा त्या प्रसंगाचा हेतू कागदावर असेलही. प्रत्यक्षात तंबूतले निम्मे पुरुष तो प्रसंग चवीने पाहत होते, आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या आमच्या आया-बहिणी खाली मान घालून बसत होत्या.

नटाने आपला माणूस खरेपणाने उभा केला म्हणजे त्याची जबाबदारी संपते, हे तुमचे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. कॅमेरा कुठे लावायचा हे नट ठरवत नाही, हे मान्य. पण असा चित्रपट आपण करतो आहोत हे त्याला ठाऊक असते. निळूभाऊंविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, आणि आदर आहे म्हणूनच हा प्रश्न विचारतो. सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या कलावंताला हे जाणवले नसेल असे मी मानत नाही. मग त्याने काय करायला हवे होते?

अबोली

माळरान यांच्या प्रश्नाला जोडूनच माझा मुद्दा आहे, आणि तो या धाग्यात अद्याप आलेला नाही म्हणून सविस्तर लिहिते.

१९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आले. सखाराम निळू फुल्यांनी केला, चंपा लालन सारंग यांनी केली, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे होते. सेन्सॉर मंडळाशी झगडा झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सारंग तो खटला जिंकले. या नाटकात टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, दारू पिणारा, मारझोड करणारा, आणि शेवटी चंपाचा खून करणारा माणूस मध्यभागी आहे. तरीही समाजातली सगळ्यात बोचरी टीका कोणत्या जागेवर केंद्रित झाली? चंपा रंगमंचावर साडी बदलते, त्या प्रसंगावर. मारणाऱ्या पुरुषाची भूमिका करणाऱ्या नटाला कोणी विचारले नाही की घरी गेल्यावर तुम्हाला झोप कशी लागते. चंपा करणाऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या विवाहित नटीला मात्र, तुम्ही असे काम कसे स्वीकारले, हा प्रश्न आयुष्यभर चिकटला.

आपण ‘कलावंताची वैयक्तिक नीती’ असे म्हणतो तेव्हा पुरुष कलावंताच्या बाबतीत आपल्या मनात त्याचे विचार, त्याचा पैसा, त्याचे सामाजिक काम या गोष्टी असतात. स्त्री कलावंताच्या बाबतीत नीती म्हणजे तिचे शरीर, एवढाच अर्थ उरतो. तमाशातल्या स्त्रियांची अवस्था तर याहून कठीण. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी घटना तुम्हा सर्वांना माहीत असेल. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्यावर कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर जाण्याची तयारी केली. ही घटना आपण त्यांच्या कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून टाळ्यांसाठी सांगतो. मला ती ऐकताना दर वेळी वाटते की, तिकीट काढून बसलेले लोक, त्या रात्रीच्या सुपारीवर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या पैशांवर, अवलंबून असलेला सगळा फड, आणि खेळ मोडला तर उद्या चूल पेटणार नाही ही धास्ती, या सगळ्याचे ओझे त्या बाईवर होते. त्यात निष्ठा होतीच. परंतु तिला दुसरा पर्याय किती होता, हा प्रश्न निष्ठेच्या गौरवात बुडून जातो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले आणि २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

डॉ. लागू वैद्यकीय व्यवसाय सोडू शकले, कारण सोडण्यासारखे काही हाताशी होते. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्यांच्या निर्णयाला धैर्य लागले, यात शंका नाही. तरी नीतीचा हिशेब मांडताना निवड करण्याची मोकळीक कोणाला किती होती, हे आधी मांडावे लागेल. ज्याला नकार देता येतो त्याच्याच नकाराचे मोल आपण करत राहिलो, तर नकार देण्याची सोय नसलेले अर्धे कलावंत या चर्चेतून आपोआप गळतात.

दूरदेशी

अबोली यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी गेली बरीच वर्षे कॅनडात राहतो आणि इथल्या मराठी मंडळात अधूनमधून नाटके बसवतो, त्या अनुभवातून दोन छोटे प्रश्न तिसरी घंटा यांना विचारावेसे वाटतात.

डॉ. लागूंनी हिंदीत ढीगभर चित्रपट केले आणि त्यांतल्या बऱ्याच भूमिका त्यांच्या ताकदीच्या मानाने किरकोळ होत्या. ‘घरौंदा’सारखा अपवाद सोडला तर त्या आज आठवतही नाहीत. कलेवर एवढी निष्ठा असलेला माणूस हे का करतो? दुसरा प्रश्न त्यांच्या नास्तिकतेचा. ‘देवाला रिटायर करा’ असे जाहीरपणे लिहिणारा माणूस ‘नटसम्राट’मध्ये विधात्याला हाक मारून जाब विचारतो, आणि आपल्याला तो आक्रोश शंभर टक्के खरा वाटतो. तुमच्या मते जी भूमिका खरेपणाने केली तीच नैतिक. मग स्वतःचा ज्यावर विश्वास नाही ते इतक्या खरेपणाने म्हणणे, याला काय म्हणावे?

तिसरी घंटा

तिघांचेही आभार. दूरदेशी यांच्या प्रश्नांपासून सुरुवात करतो, कारण ते तुलनेने सोपे आहेत.

हिंदी चित्रपटांविषयी मला असे वाटते की, पोटासाठी केलेले काम आणि निष्ठेने केलेले काम यांची सरमिसळ कलावंताने स्वतःच्या मनात होऊ दिली नाही, तर पोटासाठीच्या कामात लाज वाटण्यासारखे काही नाही. मराठी प्रायोगिक नाटकावर कोणाचे घर चालत नव्हते आणि आजही चालत नाही. डॉक्टरांनी हिंदीतल्या त्या किरकोळ भूमिकांना कधी थोर कला म्हणून मिरवले नाही. तिकडे कॅमेऱ्यापुढे उभे राहून ते इकडे नाटक करत राहिले. सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ साली, मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये त्यांनी सॉक्रेटिस केला, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली. त्या वयात पाठांतराचा तो डोंगर उचलण्यामागे व्यवसायाचे कोणतेही गणित नव्हते.

विधात्याचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. शिरवाडकरांचे ते नाटक गोवा हिंदू असोसिएशनने १९७० च्या डिसेंबरमध्ये रंगमंचावर आणले, आणि त्यातला अप्पा बेलवलकर हा देव मानणाऱ्या पिढीतला माणूस आहे. स्वतःच्याच मुलांनी घराबाहेर काढलेला तो म्हातारा आकाशाकडे पाहून बोलणार नाही तर कोणाकडे पाहून बोलेल? तिथे नटाने स्वतःची नास्तिकता मध्ये आणून ते स्वगत जरा कोरडे म्हटले असते, तर ती बेलवलकरांवर केलेली जबरदस्ती ठरली असती. दुसऱ्या माणसाची श्रद्धा त्याच्या बाजूने पूर्ण समजून घ्यायची, आणि नाटक संपल्यावर सभागृहाबाहेर स्वतःचे मत तितक्याच स्पष्टपणे मांडायचे, हे दोन्ही त्यांनी केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर विवेकाच्या प्रचारासाठी ते गावोगाव हिंडले, श्रोत्यांच्या उलटतपासणीला उत्तरे देत बसले. लोकप्रिय नटाला हे परवडत नाही, कारण त्याचा बहुसंख्य प्रेक्षक श्रद्धाळू असतो. त्या प्रेक्षकाला रंगमंचावर त्यांनी फसवले नाही आणि व्यासपीठावरही फसवले नाही.

आता माळरान. तंबूतल्या शिट्ट्यांचे तुम्ही केलेले वर्णन वाचून मी बराच वेळ थांबलो. तुमचा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी निळूभाऊंच्या सामाजिक कामाची ढाल पुढे करणार नाही. एका खात्यातले पुण्य दुसऱ्या खात्यात वळते करता येत नाही. त्या चित्रपटांमध्ये बाईवरचा अत्याचार हा कथेचा भाग कमी आणि तिकीटबारीचा भाग जास्त होता, हे उघड आहे. त्यावर मला एवढेच सुचते की, नटाचा खरेपणा पुरेसा होण्यासाठी त्याच्याभोवतीची कलाकृतीही खरी असावी लागते. ‘सखाराम बाइंडर’ प्रेक्षकाला त्या हिंसेपासून सुटू देत नाही. सखाराम बाईला घरात आणल्याबरोबर घराचे नियम बजावून सांगतो, स्वतःचे काहीही लपवत नाही, आणि त्या नागड्या प्रामाणिकपणामुळेच अंगावर काटा येतो. तंबूतला चित्रपट मात्र प्रेक्षकाला आधी मजा घेऊ देतो आणि मग नायकाकडून पाटलाला मार देववून त्याचे मनही हलके करतो. नट तोच, आवाज तोच, तिरकी नजरही तीच. परिणाम उलटा. म्हणजे कलावंताला स्वतःला विचारण्याचा प्रश्न ‘हा माणूस किती वाईट आहे’ हा नसून ‘याच्या वाईटपणाचे इथे काय केले जाणार आहे’ हा आहे.

अबोली, तुमच्या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही. निवडीच्या मोकळिकीचा विचार केल्याशिवाय ही चर्चा लंगडी राहते. त्यात मी एकच भर घालीन. विठाबाईंच्या गोष्टीत आपण नीतीचा प्रश्न चुकीच्या व्यक्तीला विचारतो. तो विचारायला हवा कनातीच्या या बाजूला बसलेल्यांना, सुपारी देणाऱ्यांना, आणि आयुष्यभर त्यांच्या कलेवर शिट्ट्या मारून म्हातारपणी पाठ फिरवणाऱ्या समाजाला.

अबोली

त्या शेवटच्या वाक्यांशी सहमत. फक्त एक सावधगिरी बाळगावी असे वाटते. ‘समाज’ म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही. लालनताईंच्या बाबतीत तरी एक गोष्ट नेमकी सांगता येते. त्यांनी चंपा केली, टीका सोसली, आणि त्यानंतरही अवघड स्त्रिया रंगवायचे सोडले नाही. तेंडुलकरांच्याच ‘कमला’ या नाटकात त्यांनी काम केले. त्यांच्या कारकिर्दीकडे ‘धाडसी’ या एका विशेषणाने पाहिले जाते, ते मला अपुरे वाटते. एखाद्या बाईचे जगणे रंगमंचावर यायला हवे की नको, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला, आणि माझ्या लेखी ही नैतिक भूमिका आहे. धाडस त्यातून आपसूक आले.

विंगेतला

मी या धाग्यावर उशिरा येत आहे. नाव सांगते तसा मी विंगेत काम करणारा माणूस आहे. राज्य नाट्य स्पर्धेत आमचे छोटेसे मंडळ दर वर्षी उतरते, नेपथ्य आणि रंगमंच व्यवस्था मी पाहतो. वरची चर्चा मोठ्या कलावंतांची आहे, पण हाच प्रश्न सध्या आमच्या तालमीत उभा राहिला आहे म्हणून लिहितो.

यंदाच्या आमच्या नाटकात एका जातीच्या गर्वाने फुगलेल्या माणसाचे पात्र आहे. आपल्या वस्तीतल्या मुलाला तो पाणी भरू देत नाही आणि त्या वेळी जे बोलतो ते अत्यंत हिणकस आहे. ही भूमिका ज्या तरुणाकडे आहे तो स्वतः चळवळीतला, सरळ मनाचा मुलगा आहे. तालमीत तो ते संवाद गिळतो. शेवटचे दोन शब्द ऐकूच येत नाहीत, किंवा मग तो इतक्या मोठ्याने ओरडतो की पात्र राक्षस होऊन जाते आणि कोणालाच खरे वाटत नाही. ज्या मुलाला उद्देशून ते संवाद आहेत त्या मुलाची भूमिका करणारा नट त्याच समाजातला आहे. दोघे जिवलग मित्र आहेत. दिग्दर्शकांचे म्हणणे संवाद थोडे सौम्य करावेत. लेखकाचा त्याला विरोध आहे. परवा तालमीनंतर तो मुलगा माझ्याजवळ विंगेत येऊन बसला आणि म्हणाला, हे शब्द माझ्या तोंडून निघाले तर ते माझेच होतील. मला त्याला काही सांगता आले नाही. तुम्हा मंडळींकडून ऐकायला आवडेल.

माळरान

विंगेतला, तुमच्या त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. ते शब्द उच्चारताना ज्याची जीभ अडखळते त्याच्याकडेच ती भूमिका असावी. ज्याच्या तोंडून ते सहज निघतात त्याच्याकडे ती दिली तर मला भीती वाटेल. तिसरी घंटा यांनी मघाशी जो प्रश्न मांडला, की या वाईटपणाचे पुढे काय केले जाणार आहे, त्याचे उत्तर तुमच्या नाटकात आहे का, हे पाहा. पाणी न भरू दिल्यानंतर नाटक त्या दुसऱ्या मुलाबरोबर जाते की तोही केवळ त्या प्रसंगापुरता येऊन निघून जातो? तो केवळ अपमान सोसण्यापुरता असेल, तर संवाद सौम्य केले काय आणि जहाल ठेवले काय, मूळ दोष तसाच राहील.

तिसरी घंटा

माळरान यांनी नेमके तेच विचारले आहे जे मी विचारले असते, तेव्हा त्याची पुनरुक्ती करत नाही. तालमीपुरत्या दोन गोष्टी सुचवतो.

संवाद सौम्य करू नयेत, या बाबतीत मी लेखकाच्या बाजूने आहे. सौम्य केलेला अपमान प्रेक्षकाला सांगतो की एवढेच तर घडते, आणि ते खोटे आहे. मात्र तो माणूस ओरडत का असेल, याचा विचार त्या तरुणाबरोबर बसून करावा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे ऐकले गेले आहे त्याला आवाज चढवण्याची गरज नसते. तो हातातले काम न थांबवता, मान वर न करता ते वाक्य बोलू शकतो. ‘सामना’तल्या पाहुणचाराचे उदाहरण त्याला दाखवा. निळूभाऊंची नक्कल त्याने करू नये, पण ज्याला आपल्या सत्तेविषयी शंका नाही तो किती शांत असतो हे त्याने त्या चित्रपटात पाहावे. ओरडणे थांबले की शब्द गिळण्याची गरजही कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे संवाद पहिल्यांदा पूर्ण आवाजात म्हटले जातील ती तालीम सगळ्यांसमोर घेऊ नका. ते दोघे मित्र, लेखक आणि दिग्दर्शक एवढेच असू द्या. ज्याला ते शब्द ऐकायचे आहेत त्या नटाला आधी विचारा की हा प्रसंग त्याला कुठपर्यंत चालेल आणि कुठे थांबावेसे वाटते, आणि तो थांबा म्हणाला की त्या क्षणी थांबा. अबोली यांनी मोकळिकीविषयी जे लिहिले आहे ते तुमच्या मंडळात या नटाला लागू होते. मैत्रीखातर किंवा स्पर्धेखातर त्याने मुकाट्याने सोसावे अशी अपेक्षा त्याच्याकडून नकळत केली जाऊ शकते. त्याचा होकार मनापासून आला, तर गर्विष्ठ माणसाची भूमिका करणारा तुमचा तो तरुणही ते शब्द उच्चारू शकेल, कारण ते कोणासाठी आणि कशासाठी उच्चारतो आहोत हे दोघांनी मिळून ठरवलेले असेल. होकार आला नाही, तर लेखकाला प्रसंग पुन्हा लिहायला सांगा. स्पर्धेची तारीख जवळ आली असली तरीही.

प्रयोग झाल्यावर कसे झाले ते इथे अवश्य कळवा.